साखरेचा हिशेब

मद्याला आयुष्यात कधीही न शिवलेला माणूस. वय चाळिशीच्या आसपास, अंगकाठी बेताची, पोट मात्र किंचित पुढे आलेले. कार्यालयाच्या वार्षिक आरोग्य तपासणीत त्याची सोनोग्राफी होते आणि अहवालात 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' अशी ओळ उमटते. घरात आश्चर्य व्यक्त होते. कारण यकृताचे दुखणे म्हणजे दारूचे दुखणे, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. 'अहो, हल्ली हे सगळ्यांनाच निघते,' असे सांगून कुणीतरी दिलासा देते आणि कागद फाइलमध्ये जातो. चहाच्या कपात पूर्वीसारखेच दोन चमचे पडत राहतात.

मुंबई-पुण्यापासून नाशिक-नागपूरपर्यंत कोणत्याही घरात घडू शकेल असा हा प्रसंग आहे. त्यातील दिलासा मात्र फसवा आहे. दारूशी संबंध नसताना यकृतात साठणारा मेद हा चयापचयाच्या बिघाडाचा इशारा असतो, हे वैद्यकशास्त्राने आता इतके स्पष्टपणे स्वीकारले आहे की, २०२३मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी या विकाराचे नावच बदलले. 'मद्याशी संबंध नसलेला' या जुन्या शब्दांऐवजी 'चयापचयाच्या बिघाडाशी निगडित' असे शब्द त्याच्या नावात आले. हा बिघाड अनेक कारणांनी होतो. बैठे काम, गरजेपेक्षा अधिक खाणे, अपुरी झोप आणि आनुवंशिकता यांचा त्यात वाटा असतो. मात्र यातील सर्वांत सहज मोजता येण्याजोगे आणि सर्वांत सहज कमी करता येण्याजोगे कारण स्वयंपाकघरातील डब्यात असते. ते म्हणजे साखर.

साखरेला 'पांढरे विष' म्हणण्याची अलीकडे प्रथा पडली आहे. ती जितकी अतिशयोक्त आहे, तितकीच 'साखर म्हणजे निव्वळ ऊर्जा' ही जुनी जाहिरातबाजीही दिशाभूल करणारी आहे. साखर किती खाल्ली आणि कोणत्या रूपात खाल्ली, या दोन प्रश्नांच्या उत्तरावर तिचा परिणाम ठरतो. हा हिशेब समजून घ्यायचा, तर आधी साखरेचा दाणा फोडून पाहावा लागतो.

एका दाण्यात दोन शर्करा

आपण जिला साखर म्हणतो, ती रसायनशास्त्राच्या भाषेत 'सुक्रोज'. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांच्या जोडीतून तिचा प्रत्येक रेणू बनतो. लहान आतड्यात ही जोडी फुटते आणि तेथून दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

ग्लुकोज हे शरीराचे सार्वत्रिक इंधन आहे. मेंदूपासून स्नायूंपर्यंत सर्व अवयव ते वापरतात. रक्तातील त्याचे प्रमाण वाढले की स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. स्नायूंच्या व मेदाच्या पेशी त्यामुळे ग्लुकोज आत घेऊ लागतात आणि रक्तातील पातळी पुन्हा खाली येते. फ्रुक्टोजचे तसे नाही. त्याचा मोठा हिस्सा यकृताच्याच वाट्याला येतो. ग्लुकोजचे विघटन होताना, पेशीची ऊर्जेची गरज भागली की वेग मंदावणारी एक रासायनिक चौकी वाटेत असते. फ्रुक्टोज ही चौकी टाळून पुढे जाते. गरज असो वा नसो, यकृताला त्याची विल्हेवाट लावावीच लागते. थोडे फ्रुक्टोज असेल, तर ते सहज खपते. पण एकाच वेळी भरपूर आले आणि यकृतातील शर्करेचे साठे आधीच भरलेले असले, तर यकृत त्याचे मेदात रूपांतर करू लागते.

या मेदाचा काही भाग 'ट्रायग्लिसराइड'च्या रूपाने रक्तात उतरतो, काही यकृतातच साठून राहतो. मेदाने भरलेले यकृत इन्शुलिनच्या आज्ञेला नीट दाद देत नाही. मग तेच काम करून घेण्यासाठी स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन सोडावे लागते. हा ताण वर्षानुवर्षे चालतो, तेव्हा रक्त तपासणीचे आकडे सर्वसाधारण दिसत असतात, कारण वाढीव इन्शुलिन ती बाजू सांभाळून घेत असते. स्वादुपिंड थकू लागले की आकडे चढतात आणि 'टाइप टू' मधुमेहाचे निदान होते. निदान एका दिवशी झाले तरी आजाराची सुरुवात त्यापूर्वी अनेक वर्षे झालेली असते. फ्रुक्टोजच्या विघटनातून युरिक आम्लही तयार होते. त्यामुळे गोड शीतपेयांचा अतिरेक आणि गाउट हा सांध्यांचा विकार यांचा संबंधही दिसून आला आहे.

हे केवळ तर्कावर आधारलेले नाही. झुरिचमधील संशोधकांनी ९४ निरोगी तरुण पुरुषांवर केलेला प्रयोग २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील काही गटांना सात आठवडे रोज ८० ग्रॅम शर्करा असलेले पेय देण्यात आले. फ्रुक्टोज किंवा साधी साखर असलेले पेय घेणाऱ्यांच्या यकृतातील मेदनिर्मितीचा वेग, असे पेय न घेणाऱ्यांच्या तुलनेत, दुप्पट आढळला. केवळ ग्लुकोजचे पेय घेणाऱ्यांत ही वाढ दिसली नाही.

उलट दिशेचा प्रयोग अमेरिकेत झाला. यकृतात मेद साठलेल्या ११ ते १६ वर्षांच्या ४० मुलग्यांपैकी निम्म्यांच्या आहारातील मुक्त शर्करा आठ आठवडे जवळपास बंद करण्यात आली. या प्रयोगात केवळ मुलाचाच नव्हे, तर त्याच्या साऱ्या कुटुंबाचा आहार बदलण्यात आला होता. घरात गोड ठेवून एकट्या मुलाला ते नाकारणे निरर्थक, हे संशोधकांनी ओळखले होते. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या मुलांच्या यकृतातील मेदाचे सरासरी प्रमाण २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आले. नेहमीचा आहार घेणाऱ्या गटात ते २१वरून २० टक्के एवढेच घटले. आहार बदललेल्या मुलांचे वजनही थोडे उतरले होते, त्यामुळे सारे श्रेय एकट्या साखरेला देता येणार नाही. तरीही अवघ्या दोन महिन्यांत यकृत इतके सावरू शकते, ही बाब महत्त्वाची आहे.

फळ, रस आणि गूळ

फ्रुक्टोज हे फळांतही असते. मग फळेही टाळावीत काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. अख्ख्या फळातील शर्करा पेशींच्या आवरणात आणि तंतुमय पदार्थांत बंदिस्त असते. फळ चावावे लागते, त्याने पोट भरते, शर्करा सावकाश शोषली जाते आणि यकृताला आपल्या गतीने काम करता येते. दोन संत्री खाल्ली की हात आपोआप थांबतो. चार संत्र्यांचा रस मात्र दोन मिनिटांत पोटात जातो आणि थोड्या वेळाने पुन्हा भूक लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने म्हणूनच 'मुक्त शर्करा' ही संकल्पना स्वीकारली आहे. उत्पादकाने, आचाऱ्याने किंवा खाणाऱ्याने वरून घातलेली साखर, तसेच मध, पाक आणि फळांच्या रसातील शर्करा यांचा तीत समावेश होतो. अख्ख्या फळांतील व दुधातील नैसर्गिक शर्करा तीत मोडत नाही.

या व्याख्येत अनेक घरगुती समजुतींचे उत्तर दडलेले आहे. 'आम्ही साखर बंद केली, आता फक्त गूळ वापरतो,' असे अभिमानाने सांगणारे अनेक जण असतात. गुळात लोह व इतर खनिजांचा अंश असतो हे खरे; पण त्याचा मोठा भाग सुक्रोजच असतो. खनिजांची गरज भागावी इतका गूळ खायचा ठरवले, तर त्याबरोबर पोटात जाणारी शर्करा लाभापेक्षा हानीच अधिक करील. मधाचेही तसेच. चव, परंपरा आणि आवड म्हणून गूळ जरूर वापरावा, पण तो हिशेबातून वगळू नये.

दुसरी समजूत याच्या उलट टोकाची आहे. साखर सोडली की मधुमेहाची भीती संपली, असे अनेकांना वाटते. वास्तविक पांढरा भात, मैद्याचा पाव, साबुदाणा अशा पदार्थांतील पिष्टाचेही पचनानंतर ग्लुकोजच होते. साखरेचा चमचा वगळून भाताचा डोंगर तसाच ठेवला, तर रक्तातील ग्लुकोजला त्याचे सोयरसुतक नसते. तसेच, बालपणी होणारा 'टाइप वन' मधुमेह हा गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणाच इन्शुलिन बनविणाऱ्या पेशी नष्ट करते म्हणून तो होतो. अशा मुलांच्या आई-वडिलांना 'फार लाड केलेत' म्हणून दोष देणे अन्यायाचे आहे. शिवाय इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या रुग्णाची शर्करा एकाएकी उतरली, तर हीच साखर त्याचा जीव वाचवते. म्हणूनच अशा रुग्णांना ती जवळ बाळगण्यास सांगितले जाते.

दातांची साक्ष

साखरेच्या दुष्परिणामांचा सर्वांत जुना आणि सर्वांत निर्विवाद पुरावा दातांनी दिला आहे. तोंडातील जिवाणू साखरेवर जगतात आणि त्यातून आम्ल तयार करतात. दातांवरील थरातील आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे तेथील सामू साधारण ५.५च्या खाली उतरला, की दाताच्या टणक आवरणातील खनिजे विरघळू लागतात. लाळ ही आम्लता हळूहळू निवळते, पण त्याला वेळ लागतो. दर तासाला एखादी गोळी, बिस्किट किंवा गोड चहाचा घोट घेतला, तर लाळेला ती उसंतच मिळत नाही.

हे ज्ञान ज्या प्रयोगातून पक्के झाले, तो वैद्यकीय नीतिमत्तेला लांछन लावणारा होता. स्वीडनमधील लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म या मतिमंदांच्या संस्थेत १९४०च्या दशकात रहिवाशांना मुद्दाम चिकट टॉफी खाऊ घालून त्यांच्या दातांची हानी मोजण्यात आली. त्यांची संमती घेण्याचा प्रश्नच उद्भवला नव्हता. १९५४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसले, की साखरेच्या एकूण प्रमाणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व ती किती वेळा आणि किती चिकट स्वरूपात खाल्ली जाते याला आहे. जेवणासोबत खाल्लेल्या गोडाने दातांची फारशी हानी झाली नाही. दोन जेवणांच्या मधे चघळलेल्या टॉफीने मात्र दात पोखरले.

दडवलेला पैसा

दातांबाबतची ही माहिती इतकी जुनी असताना, साखरेचा हृदयाशी व चयापचयाशी असलेला संबंध जनतेपर्यंत पोहोचायला इतका उशीर का झाला? याचे एक उत्तर अमेरिकेतील जुन्या कागदपत्रांत सापडले. १९६०च्या दशकात हृदयविकाराचे मूळ आहारातील मेदात की साखरेत, असा वाद रंगला होता. १९६७मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांचा एक आढावा 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या प्रतिष्ठित नियतकालिकात आला. त्यात साखरेवरील संशय सौम्य करून मेदावर बोट ठेवण्यात आले होते. या आढाव्यासाठी साखर उद्योगाच्या 'शुगर रिसर्च फाउंडेशन' या संस्थेने साडेसहा हजार डॉलर दिले होते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २०१६मध्ये उघडकीस आणले. मूळ लेखात या पैशाचा उल्लेख नव्हता. निधीचा स्रोत जाहीर करण्याचे बंधन त्या काळी त्या नियतकालिकाने घातलेले नव्हते, हेही नमूद करायला हवे.

ब्रिटनमधील आहारतज्ज्ञ जॉन युडकिन यांनी १९७२मध्ये 'प्युअर, व्हाइट अँड डेडली' या पुस्तकातून साखरेविरुद्ध इशारा दिला होता, पण त्यांची हेटाळणीच अधिक झाली. त्यांची सर्वच मते आजच्या कसोटीवर उतरतात असे नाही, आणि संपृक्त मेद निर्दोष ठरले असेही नाही. मात्र पुढील काळात 'कमी मेदा'चे म्हणून विकले गेलेले अनेक पदार्थ साखर घालून रुचकर करण्यात आले आणि ग्राहकाने ते पथ्याचे म्हणून खाल्ले, ही या दिशाभुलीची परिणती होती.

रेशनने दिलेला धडा

माणसांना पन्नास वर्षे कमी-अधिक साखरेवर ठेवून प्रयोग करणे शक्य नसते. इतिहासाने मात्र असा एक प्रयोग नकळत करून ठेवला आहे. दुसऱ्या महायुद्धामुळे ब्रिटनमध्ये साखरेवर आलेले रेशनिंग सप्टेंबर १९५३मध्ये उठले आणि प्रौढ माणसाचा रोजचा सरासरी वापर सुमारे ४० ग्रॅमवरून थोड्याच काळात ८० ग्रॅमच्या घरात गेला. रेशनिंग उठण्यापूर्वी गर्भात आणि पाळण्यात असलेली बालके आणि त्यानंतर लगेच जन्मलेली बालके यांच्या परिस्थितीत इतर फारसा फरक नव्हता. प्रमुख फरक होता तो साखरेचा.

सुमारे साठ हजार व्यक्तींच्या नोंदी तपासून केलेला याविषयीचा अभ्यास २०२४मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांच्या आसपास रेशनची मर्यादित साखर वाट्याला आलेल्यांत, पुढे प्रौढ वयात 'टाइप टू' मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. ज्यांना हे विकार जडले, त्यांनाही ते अनुक्रमे चार व दोन वर्षे उशिराने जडले. यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ४० ग्रॅम म्हणजे उपासमार नव्हे. आजच्या शिफारशींच्या जवळपास जाणारे ते प्रमाण आहे. बाळाच्या पहिल्या हजार दिवसांत दुधात, खिमटात आणि पेजेत साखर घालण्याची आपल्याकडील सवय या निष्कर्षाच्या प्रकाशात तपासून पाहायला हवी.

सडपातळ देहातील मेद

ब्रिटनच्या तुलनेत आपल्याला या प्रश्नाकडे अधिक गांभीर्याने पाहावे लागेल, असे सांगणारे संशोधन पुण्यातच झालेले आहे. के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःचे आणि लंडनमधील एका सहकारी संशोधकाचे छायाचित्र २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा निर्देशांक म्हणजे 'बीएमआय' दोघांचाही अगदी सारखा, २२.३ होता. शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र लंडनच्या संशोधकात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के होते. दोघांच्या आडनावांचे इंग्रजी आद्याक्षर एकच असल्याने हे उदाहरण 'वाय-वाय विरोधाभास' म्हणून जगभर ओळखले जाते.

पुणे परिसरातील गावांत मातांवर आणि बालकांवर झालेल्या अभ्यासातून हीच गोष्ट जन्मापासून दिसली. आपली बालके पाश्चात्त्य बालकांपेक्षा वजनाने कमी, पण मेदाच्या प्रमाणात तितकी कमी नसतात. स्नायू बेताचे आणि मेद मात्र राखलेला, अशी ही ठेवण. स्नायू हेच ग्लुकोजचे मोठे कोठार असल्याने, ते लहान असले की जास्तीची शर्करा ठेवायला जागा अपुरी पडते. 'मी कुठे जाड आहे?' हा युक्तिवाद म्हणूनच आपल्याकडे फारसा उपयोगाचा नाही. वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर अधिक खरे बोलतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या 'इंडिया-बी' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील अंदाजानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून, आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यातील उंबरठ्यावरच्यांची संख्या अधिक आहे, ही चिंतेची बाब आहे आणि संधीही. कारण तेथून मागे फिरता येते.

एका दिवसाची गोळाबेरीज

मर्यादा नेमकी किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी उष्मांक मुक्त शर्करेतून यावेत. ते पाच टक्क्यांच्या खाली ठेवता आल्यास अधिक लाभ होऊ शकतो. एक ग्रॅम साखरेतून चार उष्मांक मिळतात. दिवसाला दोन हजार उष्मांकांची गरज धरली, तर वरची मर्यादा ५० ग्रॅम आणि उत्तम मर्यादा २५ ग्रॅम होते. चहाचा चमचा चार ग्रॅमचा धरल्यास अनुक्रमे बारा आणि सहा चमचे.

आता शहरातील एखाद्या सर्वसाधारण दिवसाचा हिशेब मांडून पाहू. प्रत्येकी दोन चमचे साखरेचे चार कप चहा : ३२ ग्रॅम. चहाबरोबर चार-पाच साधी ग्लुकोज बिस्किटे : सुमारे सहा ग्रॅम. संध्याकाळच्या सँडविचबरोबर दोन मोठे चमचे टोमॅटो सॉस : सुमारे आठ ग्रॅम. त्यासोबत ३०० मिलिलिटर कोला : सुमारे ३२ ग्रॅम. एकूण ७८ ग्रॅम. यात मिठाई नाही, आइस्क्रीम नाही, कुणाचा वाढदिवस नाही. 'मी गोड फारसे खात नाही,' असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या माणसाचा हा दिवस आहे.

द्रवरूप साखर यात सर्वांत घातक. पेयांतून आलेल्या उष्मांकांनी पोट भरल्याची जाणीव पुरेशी होत नाही, म्हणून पुढच्या जेवणात तेवढी घट होत नाही. रोज एक गोड शीतपेय घेण्याची सवय आणि 'टाइप टू' मधुमेहाचा वाढीव धोका यांचा संबंध अनेक देशांतील दीर्घकालीन पाहण्यांत, लठ्ठपणाचा परिणाम वजा केल्यानंतरही, आढळला आहे.

पाकीटबंद पदार्थांतील साखर ओळखण्याचा मार्ग म्हणजे पाकिटाची मागची बाजू वाचणे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. त्यामुळे साखर पहिल्या दोन-तीन नावांत असली, तर पदार्थ मुख्यतः साखरेचाच आहे असे समजावे. डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, कॉर्न सिरप ही सारी साखरेचीच भावंडे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनी एकूण शर्करा आणि वरून घातलेली शर्करा यांचे आकडे वेगवेगळे छापणे बंधनकारक केले. समोरच्या बाजूला काय ठळक छापले आहे याला महत्त्व नाही. मुलांच्या चॉकलेटी पेयपुडींवर वर्षानुवर्षे 'हेल्थ ड्रिंक' हा शिक्का मिरवत होता. अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही, हे लक्षात आणून देत केंद्र सरकारने २०२४मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये त्या वर्गवारीतून काढण्यास सांगितले.

साखरेऐवजी कृत्रिम गोडी वापरणे हा तितकासा सोपा उपाय नाही. वजन कमी करण्याचे साधन म्हणून अशा पदार्थांवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३मध्ये दिला. आधीच मधुमेह असलेल्यांना मात्र ही शिफारस लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोडाची चटक कायम ठेवून फक्त तिचा स्रोत बदलण्यापेक्षा, जिभेलाच कमी गोडाची सवय लावणे अधिक टिकाऊ ठरते.

सरकारचा वाटा

सारा भार ग्राहकाच्या इच्छाशक्तीवर टाकणेही योग्य नाही. मेक्सिकोने जानेवारी २०१४पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला आणि खप घटला. ब्रिटनने एप्रिल २०१८पासून पेयातील साखरेच्या प्रमाणानुसार कराचे टप्पे ठरविले. कर वाचवण्यासाठी उत्पादकांनी स्वतःहूनच साखर कमी केली. भारतात सप्टेंबर २०२५मध्ये झालेल्या वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत गोड शीतपेयांवरील दर ४० टक्के करण्यात आला. मात्र तो साखरेच्या प्रमाणाशी जोडलेला नाही. साखर नसलेल्या शीतपेयांनाही तोच दर आहे, तर फळांच्या गराच्या व रसाच्या, वायू न भरलेल्या पेयांवरील कर १२वरून पाच टक्क्यांवर आणण्यात आला. यकृताच्या दृष्टीने बाटलीतील आमरसासारख्या पेयाची साखर आणि कोलाची साखर यांत भेद नाही. उत्पादकाला साखर कमी करण्याचे प्रोत्साहन अशा करातून मिळत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५मध्ये संलग्न शाळांना साखरेचे प्रमाण दाखविणारे फलक लावण्याची सूचना केली, हे त्या मानाने छोटे, पण योग्य दिशेचे पाऊल आहे.

महाराष्ट्रात हा विषय नाजूक आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१मध्ये झाला. त्यानंतर साखरेने ग्रामीण महाराष्ट्रात शाळा, दवाखाने आणि महाविद्यालये उभी केली. आहारातील साखर कमी करा, असे सांगणे म्हणजे ऊस उत्पादकाच्या पोटावर पाय देणे नव्हे. उसापासून इथेनॉल काढले जाते आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण देशात २०२५मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. उसाला आता साखरेखेरीज दुसरे गिऱ्हाईक मिळाले आहे. शेतकऱ्याचे हित आणि शहरी ग्राहकाचे यकृत यांत वैर असलेच पाहिजे, असे नाही.

सणाचा गोडवा

मराठी घरात गोड हे सणवाराचे होते. होळीला पुरणपोळी, पाडव्याला श्रीखंड, चतुर्थीला मोदक. आणि एरवी ताटात गोडाला जागा नसे. आता सण तसेच आहेत, पण मधले साधे दिवस नाहीसे झाले आहेत. पुरणपोळीने कुणाचे यकृत बिघडत नाही. ते बिघडते रोजच्या आठ चमच्यांनी, जे गोड म्हणून खाल्लेच जात नाहीत. कपातली साखर आधी दीड चमचा, काही आठवड्यांनी एक, मग अर्धा अशी उतरवत नेली, तर जीभ हळूहळू जुळवून घेते. शीतपेयाच्या जागी ताक, पाणी किंवा मिठाचे लिंबूपाणी आले, तर दिवसाच्या हिशेबातील सर्वांत मोठी रक्कम एका फटक्यात वजा होते.

फाइलमध्ये गेलेला सोनोग्राफीचा तो कागद पुन्हा बाहेर काढायला हवा. सुरुवातीच्या टप्प्यातील मेदयुक्त यकृत पूर्ववत होऊ शकते. शरीराचे वजन पाच टक्क्यांनी घटले तरी यकृतातील मेद कमी होऊ लागतो, सात ते दहा टक्के घटले तर सूजही ओसरते. ७० किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे अवघे साडेतीन किलो. यकृत मुकाट्याने सोसते, तसेच संधी मिळताच सावरतेही. फक्त त्याच्या वाट्याला रोज किती चमचे येतात, याचा हिशेब घरात कुणीतरी ठेवायला हवा.